फोर-टेन घ्यावी का? लहान बोअरच्या शॉटगनबद्दल तुमचे प्रश्न

सप्टेंबर तोंडावर आला की माझ्याकडे फोर-टेनचे प्रश्न सुरू होतात. फोर-टेन म्हणजे ०.४१० इंच बोअरची शॉटगन, नेहमीच्या दुकानात मिळणाऱ्या शॉटगनमधली सगळ्यात बारीक नळीची. मी मिशिगनमध्ये हंटर सेफ्टी शिकवतो त्यामुळे उत्तरं इथल्या हिशोबाने आहेत, शेवटचा एक प्रश्न मात्र कोकणातून आलाय आणि तो मुद्दाम घेतलाय.

प्रश्न : पहिलीच गन घेतोय. खारी आणि ससे, कधीमधी ग्राउज (तितरासारखा जंगली पक्षी). दुकानदार म्हणतो फोर-टेन पुरते, मित्र म्हणतो ट्वेंटी गेज घे. कोणाचं ऐकू?

घरात एकच गन राहणार असेल तर मित्राचं ऐका. (फोर-टेन सोडून बाकी शॉटगनची नळी गेज किंवा बोअरच्या आकड्यात सांगतात, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक.)

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, फोर-टेनचा छर्रा कमजोर नसतो. सहा नंबरचा छर्रा (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक) फोर-टेनमधून सुटो की बारा बोअरमधून, वेग जवळपास तोच आणि लागला तर मारही तोच. फरक आहे तो छर्रे किती जातात यात. फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅम शिसं, साडेसात नंबरचे धरले तर साधारण १७५ छर्रे. तीन इंची घेतलं तर ११/१६ औंस. ट्वेंटी गेजच्या अगदी साध्या काडतुसात ७/८ औंस, म्हणजे तेच साडेसात नंबरचे छर्रे ३०० च्या वर. शिवाय फोर-टेनची नळी बारीक त्यामुळे छर्‍यांची रांग लांब होते, जास्त छर्रे नळीला घासून चपटे होतात आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. म्हणून नळीचं तोंड आवळणारा फुल चोक लावूनसुद्धा मी फोर-टेनची हद्द २५ यार्ड धरतो, हात बसलेला असेल तर ३०. त्याच्या पुढे मधे मोकळ्या जागा पडायला लागतात, त्यातून ग्राउज आरामात निघून जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन छर्रे खाऊन झाडीत कुठेतरी मरायला जातो.

आता खारीचं बोलायचं तर तिथे फोर-टेन खरोखर छान आहे. ओकच्या झाडाखाली पाठ टेकून बसायचं, वीस मिनिटं हलायचं नाही, खार खोडामागून डोकं काढते, १५-२० यार्डावरून डोक्यावर नेम, काम झालं. त्यात एक फायदा असा की खार वर फांदीवर असते आणि तुम्ही आकाशाच्या दिशेने बार काढत असता. पॉइंट टू-टू रायफलची गोळी अशी वर सुटली तर मैलभराच्या पुढे जाऊन पडू शकते, सहा नंबरचे छर्रे अडीचशे यार्डाच्या आसपास जमिनीवर येतात. आजूबाजूला फार्महाउस असलेल्या जंगलात मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

कुठलीही घ्या पण जंगलात जायच्या आधी एक काम कराच. मोठा पुठ्ठा २५ यार्डावर टांगा, त्यावर ३० इंची वर्तुळ, मधे खारीएवढा आकार पेन्सिलने काढा आणि एक बार काढून जवळ जाऊन नीट बघा. डोकं आणि मान मिळून चार-पाच भोकं आहेत का? नसतील तर पाच यार्ड पुढे या, परत बघा. जिथे दरवेळी भोकं मिळतात ते तुमचं अंतर, डब्यावर काय छापलंय ते सोडा. आणि काडतुसांचा भाव पण विचारून ठेवा, फोर-टेनची काडतुसं आकाराने लहान असली तरी ट्वेंटीपेक्षा महाग पडतात.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, माझ्याबरोबर यायचंय म्हणते. धक्का कमी म्हणून फोर-टेन घेतोय, बरोबर ना सर?

धक्का कमी हे बरोबर, पण घाई करू नका.

होतं काय, मूल सरावाला क्ले फोडायला जातं, समोरून उडणारी तबकडी आणि हातात सगळ्यात कमी छर्‍यांची गन, दहापैकी आठ हुकतात आणि दुपारपर्यंत पोरीला वाटायला लागतं की हे आपल्याला जमणारच नाही. स्कीट या तबकड्या फोडायच्या खेळात बारा, वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन अशा चार वेगळ्या स्पर्धा असतात आणि मुरलेले खेळाडूसुद्धा फोर-टेनला सगळ्यात अवघड मानतात. मग ती पहिल्या दिवशी नवख्याच्या हातात कशाला?

तुमच्या मुलीसाठी मी दोन गोष्टी सुचवेन. उडतं काही मारायचं असेल तर बाराच्या गॅसवर पुढचं काडतूस आपोआप भरणारी ट्वेंटी गेज ऑटो, दस्ता तिच्या खांद्याच्या मापाचा आणि काडतुसं हलकी, त्यात धक्का बराच खाल्ला जातो. किंवा बजेट असेल तर अठ्ठावीस गेज, ३/४ औंस छर्रे, माझी स्वतःची सगळ्यात आवडती. बसलेली खार आणि पुठ्ठा एवढंच करायचं असेल तर फोर-टेन चालेल, खुशाल घ्या.

पण एकनळी, बाहेर घोडा असलेली, मधे मोडून काडतूस भरायची गन स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. त्यात घोडा अंगठ्याने मागे ओढायचा आणि सावज निघून गेलं तर चाप दाबून हळूच परत सोडायचा. नोव्हेंबरची थंडी, जाड हातमोजे, लहान अंगठा, घोडा कडक. सटकला की बार उडाला. मी कोर्सला आलेल्या मुलांना खोट्या काडतुसावर हे करायला लावतो आणि बहुतेकांचा अंगठा सटकतो. तिला सेफ्टीचं बटण असलेली गन द्या, मॉसबर्ग ५०० ची लहान मापाची पंप फोर-टेनमध्येही येते, सेफ्टी वर अंगठ्याखालीच असते, दिसतेही. आणि काहीही घेतलंत तरी पहिले काही दिवस एका वेळी एकच काडतूस भरा. डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ हवेतच, फोर-टेनचा आवाज लहान कानांना अजिबात कमी नसतो.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मला गन घेता येते का? ऑफिसमध्ये कोणी म्हणतं येते, कोणी म्हणतं डायरेक्ट डिपोर्ट करतात.

दोघंही अर्धं बरोबर सांगतायत आणि इथे अर्ध्या माहितीवर पाऊल टाकू नका.

फेडरल कायदा असा आहे की नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच गुन्हा, विकत घेणं तर लांबच. याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते तुमच्याकडे असेल तर घेता येते, दुकानात फॉर्म ४४७३ भरताना हाच प्रश्न येतो आणि लायसन्सचा कागद दाखवावा लागतो. म्हणजे क्रम असा, आधी हंटर सेफ्टी कोर्स (मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतो), मग लायसन्स, मग गन.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगतो. लायसन्सची मुदत संपली आणि गन कपाटात तशीच पडून आहे, तर त्या दिवसापासून तुम्ही परत गुन्ह्यात. काडतुसाचा एक डबा गॅरेजमध्ये राहिला तरी तेच. त्यामुळे मुदत संपायच्या आत नवीन लायसन्स काढायचंच, कॅलेंडरला लावून ठेवा. नवरा किंवा बायको एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असेल आणि त्यांच्याकडे लायसन्स नसेल तर कपाटाची चावी आणि नंबर फक्त तुमच्याकडे. बंदुकीच्या गुन्ह्यावरून डिपोर्ट करता येतं हे अगदी खरं आहे, वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहायचं आणि ते अशा कारणाने जायचं हे मला बघवत नाही. राज्याचे नियम यावर आणखी वेगळे असतात. तेव्हा घ्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला. ग्रीन कार्ड हातात असेल तर ही फेडरल अडचण राहत नाही.

प्रश्न : आम्ही चार फॅमिली दरवर्षी कॅम्पिंगला जातो, यंदा यलोस्टोन. अस्वलासाठी म्हणून एक छोटी फोर-टेन गाडीत ठेवावी असं चाललंय.

नका ठेवू. फोर-टेनचा स्लग म्हणजे एक सबंध गोळी, ती साधारण १/५ औंस असते. बारा बोअरचा स्लग एक औंस, म्हणजे पाचपट. तीनशे-चारशे पौंडाचं ग्रिझली अंगावर येताना ही १/५ औंस गोळी त्याला चिडवेल, थांबवेल याची काही खात्री नाही.

कायद्याचंही बघा. फेब्रुवारी २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये बंदूक बाळगणं त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे चालतं, पण पार्कमध्ये ती चालवायला बंदी आहे. नॅशनल फॉरेस्टमध्ये शिकार चालते पण कॅम्पसाइट, घर किंवा लोकांची वस्ती यांच्या १५० यार्डांच्या आत बार काढता येत नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरूनही नाही. म्हणजे तंबूशेजारी खुर्ची टाकून हाताशी ‘कॅम्प गन’ ठेवायची ही कल्पनाच तिथे बसत नाही. आणि चार फॅमिली म्हणजे सात-आठ मुलं, अंधारात टॉर्च घेऊन बाथरूमला ये-जा, त्यात भरलेली बंदूक? माझ्या कॅम्पमध्ये मी ठेवू देणार नाही.

बेअर स्प्रे घ्या, मोठ्या माणसांमागे एक, आणि तो बॅगेत तळाला नको, कमरेला हवा. साधारण ३० फुटांपर्यंत ढग जातो, नेम चुकला तरी काम करतो. विमानात नेता येत नाही, तिथे पोचून घ्या. योसेमिटीला मात्र हा स्प्रेच चालत नाही, तिकडे गेलात तर लक्षात ठेवा. मुख्य म्हणजे खाणं, चिवडा, लोणच्याची बरणी, मुलांच्या टूथपेस्ट, सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या बेअर बॉक्समध्ये, तंबूत काही नाही. अस्वल वासावर येतं.

फोर-टेनचं कॅम्पचं काम वेगळं आहे. सीझनमध्ये, लायसन्स घेऊन, दोन-तीन दिवस पायी आत जायचं असेल आणि वाटेत ससा किंवा ग्राउज मिळाला तर चुलीवर, त्यासाठी हलकी मोडायची फोर-टेन पाठीवर जाणवतही नाही. अमेरिकन एअर फोर्सने १९५० च्या दशकात वैमानिकांसाठी एम-६ नावाची घडी होणारी गन याच विचाराने केली होती, वर पॉइंट टू-टू हॉर्नेटची नळी, खाली फोर-टेन. जंगलात विमान पडलं तर लहान जनावर मारून जीव जगवायचा एवढंच तिचं काम होतं.

प्रश्न : फोर-टेनने टर्की पडते का? व्हिडिओत ३५-४० यार्डावर पाडताना दाखवतात.

पडते, पण ते काडतूस वेगळं असतं. टंगस्टनचे छर्रे, टीएसएस म्हणतात. शिशाची घनता ११ च्या आसपास आणि याची १८, त्यामुळे नऊ नंबरचा बारीक छर्रासुद्धा मानेत खोल जातो आणि बारीक असल्यामुळे संख्याही भरपूर मावते. एकेक काडतूस कित्येक डॉलरला पडतं. साधी शिशाची काडतुसं घेऊन त्या व्हिडिओची नक्कल करू नका, टर्की जखमी होऊन जाईल. चोक आणि काडतूस पुठ्ठ्यावर तपासा आणि तुमच्या राज्याच्या पुस्तिकेत फोर-टेन चालते का ते वाचा. बदकांसाठी मात्र फोर-टेनचा विचार सोडा, तिथे १९९१ पासून देशभर शिसं बंद आहे आणि स्टील यात फारच थोडं मावतं.

प्रश्न : पॉइंट फोर-फाइव्ह कोल्टचं काडतूस माझ्या फोर-टेनमध्ये बसतं. चालवू का?

अजिबात नाही. त्या गोळीची जाडी ०.४५ इंच, तुमची नळी ०.४१०. दोन्ही चालणारी रिव्हॉल्व्हर मिळतात पण ती त्यासाठीच बनवलेली असतात. तसंच जुन्या फोर-टेनचा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) अडीच इंची असेल तर तीन इंची काडतूस आत जातं, कारण काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची छापलेली असते. बार उडाला की तोंड उघडायला जागा नाही आणि आतला दाब वाढतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा, पुसट असेल तर गनस्मिथकडे.

प्रश्न : डॅलसच्या गन शोमध्ये ‘इशापूर’ शिक्का असलेली फोर-टेन दिसली, दिसायला थ्री-नॉट-थ्रीसारखी. आपल्याकडची म्हणून घ्यावीशी वाटतेय.

भावना कळते, आणि वस्तू खरंच आपल्याकडची आहे. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ली-एनफिल्डला फोर-टेनची गुळगुळीत नळी बसवून या मस्केट केल्या जायच्या, पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. एका वेळी एकच काडतूस, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा.

अडचण अशी की तिचं मूळ काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्या पितळी केसवरून केलेलं, बुडाला जाड. दुकानातलं फोर-टेनचं काडतूस त्यात सैल बसतं, फुगतं, फाटतं. अमेरिकेत आलेल्या काही मस्केटचं चेंबर नंतर बदलून तीन इंची फोर-टेनसाठी केलंय, काहींचं नाही, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. गनस्मिथने चेंबर मोजून दिल्याशिवाय एकही बार काढू नका. भिंतीवर ठेवायला घेत असाल तर जरूर घ्या, खारीच्या शिकारीला ती जड आणि अवघड आहे.

प्रश्न : काका, आमचं घर कुडाळकडे. आजोबांच्या नावावर शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भात उभं ठेवत नाहीत. परवाना माझ्या नावावर करून छोट्या बोअरची काडतुसाची बंदूक घेतली तर डुक्कर मारता येईल का?

परवाना असला म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं होत नाही. दोन वेगळे कागद आहेत. बंदुकीचा परवाना आर्म्स ॲक्टखाली, तो जिल्हा प्रशासनाकडून. आणि रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, ती मिळाल्याशिवाय बार काढलात तर शिकारीचा गुन्हा तुमच्यावर. आजोबांची बंदूक अजून घरात असेल तर ती आधी पोलीस ठाण्यात जमा करा, त्यांच्या पश्चात ती तुमच्या परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही.

आणि बोअरचं विचाराल तर डुकरासाठी फोर-टेन चुकीचीच. छर्‍यांनी ते मरत नाही, जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येतं. नुकसान झाल्या झाल्या फोटो काढा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, पीक नुकसानीची भरपाई वन विभाग देतो. परवानगीचा अर्ज गावातल्या चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून, प्रत्येकाच्या पंचनाम्यासकट दिलात तर तुमच्या एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येईल.