रेडिएटर वरून थंड, खालून गरम: हवा अडकली आहे का?

हो, इंग्लंडमधल्या तुमच्या घरच्या रेडिएटरमध्ये वर हवाच साठली आहे. खालून थंड असता तर गाळ समजला असता. हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण निवू द्या. घाई नको, गरम पाण्याने हात भाजतो. वरच्या कोपऱ्यातला छोटा व्हॉल्व्ह रेडिएटरच्या खास चावीने डावीकडे अर्धा फेरा फिरवा, खाली फडकं धरा. हवेची फुसफूस थांबून पाण्याची सलग धार आली की लगेच घट्ट करा. आधी खालचा मजला, मग वरचा. नंतर बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा पाहा: थंड असताना १ ते १.५ बार असावा, कमी असल्यास फिलिंग लूपमधून (नळाचं पाणी हीटिंगमध्ये सोडणारी जोडनळी) पाणी भरा. हवा वारंवार साठत असेल तर गळती किंवा आतला गंज असू शकतो, इंजिनिअरला दाखवाच.