रचनावाद की संरचनावाद?

प्रश्न असा आलाय की आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात कन्स्ट्रक्टिव्हिझम येतो त्याला मराठीत काय म्हणायचं, एका नोट्समधे 'संरचनावाद' आहे आणि दुसरीत 'विधायकवाद'.

विधायकवाद सोडूनच द्या, विधायक म्हणजे समाजाच्या भल्याचं, त्याचा इथे काय संबंध. संरचनावाद हा शब्द स्ट्रक्चरलिझमसाठी आधीच अडकलाय, आणि गंमत म्हणजे कन्स्ट्रक्टिव्हिझमवाल्यांचा वाद केनेथ वॉल्ट्झसारख्या 'सगळं जगाच्या संरचनेवर ठरतं' म्हणणाऱ्या अभ्यासकांशीच आहे, म्हणजे फिर्यादीला आरोपीचं नाव लावल्यासारखं झालं. मी 'सामाजिक रचनावाद' लिहितो. नुसतं रचनावाद म्हटलं की बीएडवाल्यांना लगेच ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा शिक्षणातला विचार) आठवतो, म्हणून 'सामाजिक' पाहिजेच.

कन्स्ट्रक्टिव्हिझम हे नाव या विषयात 1989 मधे निकोलस ओनफ यांनी आणलं, गाजवलं अलेक्झांडर वेंट यांनी. म्हणणं एवढंच की तोफा किती आहेत यापेक्षा त्या कोणाच्या आहेत आणि आपण त्याला शत्रू मानतो की मित्र यावर जास्त ठरतं, आणि हे मानणं देशांच्या आपापसातल्या वागण्यातून घडत जातं.

आपल्या गोंयचंच बघा ना. 1951 मधे पोर्तुगालच्या सालाझार सरकारने घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' करून टाकलं, मग 1955 ला युनोत शिरल्यावर आमच्याकडे वसाहती नाहीतच म्हणायला मोकळे! पण डिसेंबर 1960 मधे युनोच्या आमसभेने वसाहतवाद संपवा असा ठराव केला आणि लगेच दुसऱ्या ठरावात पोर्तुगालच्या पारतंत्र्यातल्या प्रदेशांची यादी दिली, त्यात गोवा होता. सैन्य बघाल तर भारताचं पारडं 1947 लाही जडच होतं, पण मधल्या काळात वसाहत ठेवणं हीच लाजिरवाणी गोष्ट ठरली होती. बाकी कारणं होतीच, नाही असं नाही. तरीही डिसेंबर 1961 मधे भारताने सैन्य पाठवून गोवा घेतला तेव्हा सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देश याला आक्रमण म्हणत होते, आम्ही मुक्ती म्हणतो, भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत व्हेटोने पडला. पोर्तुगालने गोवा भारताचा हे मान्य केलं ते 1974 मधे, तिथली राजवट उलथल्यावर. रचनावादी नेमकं हेच विचारतो, कुठला अर्थ टिकला आणि का.

पेपरात लिहिताना विशेषण 'रचनावादी' चालेल, नॉर्मला (म्हणजे देशांनी कसं वागावं याची सगळ्यांनी मानलेली रीत) 'संकेत' म्हणा, आणि पहिल्या वेळी कंसात कन्स्ट्रक्टिव्हिझम टाकाच, तपासणाऱ्याच्या डोक्यात कुठला शब्द बसलाय सांगता येत नाही.