दुचाकी अपघातातून वाचलेल्यांवर पीटीएसडीचा (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचा) एमएचा प्रबंध करायचा आहे. पद्धत कशी सुधारू?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या अशा २०० जणांना पीसीएल-५ ची (पीटीएसडीची लक्षणं मोजणाऱ्या २० प्रश्नांची, प्रत्येकी ० ते ४ गुण) मराठी प्रश्नावली गुगल फॉर्मवर पाठवणार आणि बेरीज ३३ च्या वर गेली की पीटीएसडी धरणार. आकडा मिळेल, पण तो नेमका कशाचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आधी भाषा. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे माणूस पेपर मराठीत वाचतो आणि दुखणं कोंकणीत सांगतो. १७ वा प्रश्न बघा, सततच्या ताठर सावधपणाचा. त्याचं 'तुम्ही सतर्क असता का?' केलंत, तर मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाडं नेणारा, म्हणणार, 'रस्त्यावर पोट भरायचं तर सतर्क नको?' आणि ४ वर खूण करणार. मोजायचं होतं लक्षण, मोजलं गेलं कसब. १४ व्या प्रश्नात 'भावनिक बधिरता' घातलीत, तर काहीजण कानाबद्दल बोलू लागतील. 'माया, आनंद आतून वाटेनासा झालाय का?' असं सरळ विचारा.

दोघांनी वेगवेगळं भाषांतर करावं, ते एकत्र बसून जुळवावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने उलट भाषांतर करावं. लोक इथेच थांबतात. पण 'सतर्क' उलट फिरवलं तर अगदी बरोबर येतं, चूक सापडतच नाही. ती सापडते ८-१० अपघातग्रस्तांसमोर एकेक प्रश्न वाचून 'तुमच्या शब्दांत सांगा, काय विचारलं?' असं म्हटल्यावर. मुख्य अभ्यासातही प्रश्न वाचूनच दाखवा, कोंकणी पर्यायी शब्द आधी ठरवून.

दुचाकीच्या अपघाताचे दोन खास घोटाळे आहेत. डोक्याला मार लागला असेल, तर ८ (आठवत नाही), १५ (चिडचिड), १९ (लक्ष लागत नाही) आणि २० (झोप) हे प्रश्न मेंदूच्या इजेमुळेही वर जातात. शुद्ध हरपली होती का, किती वेळ, हे वेगळं नोंदवा आणि हे चार प्रश्न वगळून विश्लेषण पुन्हा करून बघा. दुसरा घोटाळा ७ व्या प्रश्नात, टाळण्याच्या. पायलटला उद्या त्याच वळणावरून भाडं न्यायचं असतं. तो टाळत नाही, कारण टाळणं परवडत नाही. 'पर्याय असता तर टाळलं असतं का?' हा जोडप्रश्न ठेवा. मात्र त्याचे गुण बेरजेत घेऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवण्यातही हीच मेख आहे. ज्याला अपघाताची आठवण नको, तो दुवा उघडणारच नाही, म्हणजे सर्वांत त्रासलेलाच गळतो. नीतिशास्त्र समितीची आणि रुग्णालयाची परवानगी घेऊन नोंदवहीतून ओळीने नावं काढा. नकार देणाऱ्यांची संख्या, वय, दुखापत लिहून ठेवा. २०० चा हट्ट नको: दोन गोष्टींमधला ०.३ चा सहसंबंध ८० टक्के शक्तीने (म्हणजे तो खरंच असेल तर सापडण्याची ८० टक्के शक्यता धरून) पकडायला सुमारे ८५ जण पुरतात, गळती धरून १०५-११०.

३१ ते ३३ हा उंबरठा अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरून आलाय, तो म्हापशाच्या स्कूटरवाल्याला तसाच लागू करू नका. निदान म्हणायचंच असेल तर काही जणांची सीएपीएस-५, म्हणजे पीटीएसडीच्या निदानाची ठरावीक मुलाखत हवी. तिला ४५ ते ६० मिनिटं लागतात आणि घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला पीसीएल-५ ची बेरीज माहीत नसावी. एमएत हे बहुधा जमणार नाही. मग 'पीटीएसडीचं प्रमाण' न लिहिता 'लक्षणांची तीव्रता' लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

अपघाताला महिना होण्याआधी विचारू नका, पीसीएल-५ गेल्या महिन्याबद्दलच विचारते. अपघात किती भीषण होता हेही फक्त आठवणीवर सोडू नका. १९९७ साली आखाती युद्धातल्या ५९ अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासात ८८ टक्के जणांनी दोन वर्षांनी निदान एक तरी उत्तर बदललं होतं. डिस्चार्ज कार्डवरची दुखापत टिपून घ्या.

पीसीएल-५ मध्ये आत्महत्येचा प्रश्न नाही. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली जोडलीत तर तिचा ९ वा प्रश्न त्याचाच असतो. गुगल फॉर्मवर कुणी रात्री दोनला तिथे ३ वर, म्हणजे सर्वांत वरच्या गुणावर, खूण केली, तर ती तुम्हाला आठवड्याने दिसेल. समोर बसून घेतलं, तर निघण्याआधी उत्तर तपासता येतं. त्या दिवशी कोण बोलणार, बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे आयपीएचबीत कोण नेणार, हे आधीच कागदावर असू द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र सगळ्यांनाच द्या, गुण कितीही असोत.