यंत्र बनवणाऱ्या मुलांना पहिल्या वाचनालाच बसवा

तुम्ही लिहिलंय की नाटक दोन अंकी आहे, घडतं अंतराळस्थानकावर, त्यात एक यंत्रमानव आहे आणि इंजिनिअरिंगची चार मुलं सगळं बनवून द्यायला तयार आहेत. त्यांना कामाची यादी कशी द्यावी, हा तुमचा प्रश्न. माझं म्हणणं, यादी देऊच नका. संहिता हातात द्या आणि वाचनाला बसवा.

आम्ही एकदा यादी दिली होती. आजारी बाईला पाण्याचा पेला देणारा यांत्रिक हात हवा होता. मापं लिहून दिली, मुलांनी घरी बनवला आणि रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी आणला. हात सुरेख होता. पण पेला उचलून पुढे करायला त्याला नऊ सेकंद लागायचे आणि नटीचं वाक्य तीन सेकंदांत संपायचं. वर हात हलवणाऱ्या सर्व्हो मोटरची घरघर नेमकी त्या प्रवेशातल्या सगळ्यात शांत जागी. शेवटी हात कोपऱ्यात शोभेला ठेवला. मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

पुढच्या नाटकात दुसऱ्याच आठवड्यात पुठ्ठ्याचा हात तालमीत आला. बनवणारा मुलगा तो मागे उभा राहून स्वतः हलवायचा, मोटरच्याच संथ गतीने. नटी थांबायला शिकली. लेखकाने तिथली दोन वाक्यं काढून टाकली, कारण तिचं वाट बघणंच पुरेसं बोलत होतं. नटी पेला वरून, कडेला धरते हे त्या मुलानेच पाहिलं आणि पकड खालून करून टाकली. हे कुठल्या यादीत लिहिणार? खरी मोटर बसली तेव्हा घरघर ऐकून नटीची मान आपोआप वळायला लागली. तो आवाज नाटकाचाच झाला.

यंत्राने काय करायचं आणि नटाने काय, हेही याच तालमीत ठरतं. चेक लेखक कारेल चापेकच्या, १९२१ साली रंगमंचावर आलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला, पण त्यातले रोबो दिसायला माणसांसारखेच; रंगमंचावर ते नटच करतात. त्याच नाटकाच्या १९२३च्या बर्लिनमधल्या प्रयोगात नेपथ्यकार फ्रेडरिक कीसलरने कारखान्याच्या संचालकाच्या पात्रासमोर एक पडदा दाखवला. त्यात माणसं छोटी होऊन हलताना दिसायची. मागे खरे नट उभे होते, बाकी काम आरशांचं. टीव्ही घरात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तुमच्या यंत्रमानवाचा आवाजही रेकॉर्ड करू नका, विंगेत माइकवर नट बसवा. समोरच्याने वाक्य विसरलं तर रेकॉर्डिंग सावरून घेत नाही.

आता तांत्रिक, थोडक्यात. यंत्राला सुरू-बंद करण्याचे इशारे, म्हणजे क्यू, वाय-फायवर सोडू नका. रिकाम्या हॉलमध्ये सगळं चालतं, पण चारशे मोबाइल आत आले की वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर गर्दी होते. वायर ओढता येते तिथे वायरच ओढा. पाच व्होल्टच्या रंगीत एलईडी पट्टीत पूर्ण पांढऱ्या उजेडाला एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. एक मीटर पट्टीत ६० दिवे धरले तर साडेतीन अँपिअरच्या वर. पॉवर सप्लाय त्या हिशोबाने घ्या. पोशाखात पॉवर बँक लपवणार असाल तर एक लक्षात ठेवा: भार फार कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका आपणहून बंद पडतात. पहिल्या प्रवेशात पेटलेला पोशाख तिसऱ्यात विझलेला, हे आम्ही अनुभवलंय.

आणि आठवड्यातून एक तालीम यंत्र मुद्दाम बंद ठेवून करा. हात उठलाच नाही तर नटी काय करेल? आमची उठून स्वतः पेला घ्यायची, मग त्या थांबलेल्या हाताकडे बघायची. एका प्रयोगात खरंच तसं झालं आणि मध्यंतरात कुणीही त्याबद्दल विचारलं नाही.

श्रेयनामावलीत मुलांची नावं नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकाराच्या ओळीतच छापा, ‘विशेष आभार’ खाली नको. तुमचं वाचन कधी आहे? पुठ्ठा, सुतळी आणि एक हातपंखा घेऊन मुलांना त्याच दिवशी बोलवा.