वय झालेला रनिंग बॅक राखीव खेळाडू म्हणून यशस्वी होऊ शकतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या आवडत्या संघानं एकतिशी ओलांडलेला, एके काळी गाजलेला रनिंग बॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) राखीव म्हणून घेतला आहे, मित्र म्हणतात जागा वाया घालवली, तर त्याच्याकडून खरंच काही होईल का?

होईल. फक्त ‘राखीव’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटमधला पाणी घेऊन धावणारा बारावा गडी येतो, तो आधी बाजूला ठेवा. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, रनिंग बॅकची जागा इतका मार खाणारी आहे की एकट्या माणसाला अख्खा मोसम रेटता येत नाही. दुसरा गडी जवळपास प्रत्येक सामन्यात उतरतो, कधी चार वेळा तर कधी दहा वेळा. त्या चार-दहा वेळांत त्याच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं हे संघानं ठरवलंय का, आणि ते काम त्याच्या अंगात आहे का, एवढं पाहायचं.

मी २००४ साली शिकायला पिट्सबर्गला आलो. त्याच वर्षी तिथल्या स्टीलर्स संघानं ड्यूस स्टेली या रनिंग बॅकला आणलं आणि जेरोम बेटिसला मागे बसवलं. बेटिस तेव्हा ३२ वर्षांचा, वजन ११५ किलोच्या आसपास, टोपणनाव ‘द बस’. पगारात कपात मान्य करून तो थांबला होता. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, ओकलंड रेडर्सविरुद्ध, त्यानं पाच वेळा चेंडू घेतला, एकूण एक यार्ड धावला आणि तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. मला तेव्हा खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं. एका यार्डात तीन टचडाउन कसे होतात, हे मी रूममेटला दोनदा विचारलं. त्यानं सांगितलं की रेषेपासून हातभर अंतर उरतं आणि समोर अकरा जणांची भिंत असते, तेव्हा त्याला बोलावतात. राखीव रनिंग बॅक म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे स्टेली जखमी झाला आणि याच बेटिसनं मोसमाअखेर ९४१ यार्ड आणि १३ टचडाउन केले. २००५ मध्ये विली पार्कर हा चपळ तरुण पुढे आला आणि बेटिस पुन्हा मागे गेला. त्या वर्षी त्याचे यार्ड फक्त ३६८, पण टचडाउन नऊ. डिसेंबरमध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध बर्फात सामना झाला. संघ तेव्हा सात विजय, पाच पराभवांवर अडकलेला, एक हार आणखी परवडणारी नव्हती. घसरड्या मैदानावर पार्करच्या वेगाचा उपयोग नव्हता. बेटिस १७ वेळा धावला, १०१ यार्ड काढले, आणि एका टचडाउनच्या वेळी ब्रायन अर्लाकरसारख्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावफळीतल्या धिप्पाड गड्याला, अक्षरशः अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला. त्यानंतर संघ हरलाच नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये डेट्रॉइटला, म्हणजे बेटिसच्या स्वतःच्या गावात, सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला आणि तो तिथंच निवृत्त झाला. त्या रात्री आईशी फोनवर बोलत होतो आणि मागे रस्त्यावर लोक “बस! बस!” ओरडत होते. तिला वाटलं कोणी कोणाला थांबवतंय. आज वीस वर्षं झाली तरी ते आठवलं की मला भरून येतं.

आता वयाचं. रनिंग बॅकचा वेग तिशीच्या आसपास उतरतो, विशेषतः जागच्या जागी वळून सुटण्याचा झटका. पूर्वी जी फट दिसताक्षणी गाठता यायची, तिथं पोहोचेपर्यंत ती बुजलेली असते. मोकळं मैदान मिळालं तरी मागून कोणीतरी गाठतो. पण फट कुठं पडणार हे ओळखण्याची नजर, पुढे वाट मोकळी करणाऱ्या ब्लॉकरच्या मागे क्षणभर थांबण्याचा संयम आणि चेंडू छातीशी घट्ट धरण्याची सवय वयाबरोबर जात नाही. फ्रँक गोर याचं ठळक उदाहरण. कॉलेजात असताना दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट फाटले होते, तरीही २०१८ मध्ये मायामीकडून, वयाच्या ३५ व्या वर्षी, केन्यन ड्रेकबरोबर जागा वाटून घेत त्यानं ७२२ यार्ड काढले, दर धावेला सरासरी ४.६ यार्ड. पुढच्या वर्षी बफेलोत तो नवख्या डेव्हिन सिंगलटरीच्या जोडीला होता. मोसम पुढे सरकला तसा सिंगलटरी मोठा झाला आणि गोरचं काम कमी झालं. त्यावरून कुरबूर ऐकू आली नाही. कारकिर्दीत त्याचे बरोबर १६,००० यार्ड झाले, इतिहासात तिसऱ्या क्रमांकाचे. इतक्या मोठ्या माणसानं पोराटोरांना जागा करून द्यावी, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

उलट उदाहरण एड्रियन पीटरसनचं, आणि तुमच्या मित्रांची शंका बहुधा तिथूनच येत असावी. २०१२ मध्ये २,०९७ यार्ड धावलेला हा माणूस २०१७ ला न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला. तिथं मार्क इंग्रम होता आणि नवा आलेला अल्विन कमाराही. पहिल्या सामन्यात पीटरसनला सहा वेळा चेंडू मिळाला, १८ यार्ड झाले. चार सामन्यांत मिळून २७ वेळा धावून ८१ यार्ड, मग त्याला ॲरिझोनाला देऊन टाकलं. लोक म्हणाले, संपला. ॲरिझोनाकडून पहिल्याच सामन्यात त्यानं १३४ यार्ड आणि दोन टचडाउन केले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये पहिल्या पसंतीचा तरुण रनिंग बॅक गुडघ्यानं बाद झाला, पीटरसन त्याच्या जागी आला आणि वयाच्या ३३ व्या वर्षी १,०४२ यार्ड धावला.

म्हणजे पाय शाबूत होते. तो ज्या पद्धतीनं खेळायचा ती राखीव जागेत बसत नव्हती. क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणारा, चाल रचणारा खेळाडू) बऱ्याच मागे उभं राहायचं, वेग धरत चेंडू घ्यायचा, पहिल्या दहा धावांत दोन-दोन यार्डांवर आपटी खायची, समोरचे कसे सरकतात ते ध्यानात घ्यायचं आणि पंधराव्या धावेला सुटायचं. त्याला गरम व्हायला वेळ लागायचा आणि राखीव गड्याला तो कोणी देत नाही. बाकावर अर्धा तास थंड झाल्यावर एकदम सामन्याच्या तिसऱ्या भागात “जा” म्हणतात आणि पहिल्याच धावेला चार यार्ड हवे असतात. बेटिसला ते जमत होतं. माझ्या मते सगळा फरक इथं आहे आणि वय त्यानंतर येतं.

आणखी एक काम टीव्हीवर नजरेतून निसटतं. पासच्या वेळी रनिंग बॅक क्वार्टरबॅकशेजारी उभा असतो. समोरून कोण चाल करून येणार हे चेंडू सुटण्याआधी ओळखायचं, आतून येणाऱ्याला आधी अडवायचं कारण त्याचा रस्ता सर्वांत जवळचा, आणि मग शंभर किलोच्या माणसाला छातीवर घ्यायचं. तरुण पोरं इथंच चुकतात आणि क्वार्टरबॅक स्ट्रेचरवरून बाहेर जातो. अनुभवी माणसाला प्रशिक्षक जागा देतात त्यात या भीतीचा मोठा वाटा असतो. लाडेनियन टॉमलिन्सननं २०११ मध्ये, शेवटच्या मोसमात, न्यू यॉर्क जेट्सकडून धावून फक्त २८० यार्ड केले, पण ४२ पास पकडून ४४९ यार्ड मिळवले. धावांचा तक्ता पाहणाऱ्याला तो संपलेला वाटला असेल, क्वार्टरबॅकला मात्र त्याचा आधार होता.

अडचण खरी आहे ती वेगळ्याच ठिकाणी. संघात ५३ जण असले तरी सामन्याच्या दिवशी फार तर ४८ जणांना उतरवता येतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या रनिंग बॅकनं किक आणि पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेनं दूर मारला जातो तेव्हा, धावत जाऊन टॅकल करणं (चेंडूवाल्याला पाडणं) हेही अपेक्षित असतं. दहा वर्षं तारा म्हणून वावरलेल्या माणसानं ते कधी केलेलं नसतं. तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला की त्याचं काम उरत नाही. त्यामुळे त्याला एक तर ठाम दुसरा क्रमांक मिळाला पाहिजे, नाहीतर रेषेजवळचं किंवा तिसऱ्या डाउनचं (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) ठरलेलं काम. लशॉन मकॉय २०१९ मध्ये कॅन्सस सिटीकडे गेला, सुरुवात छान झाली, सरासरी ४.६ यार्ड होती. मग चेंडू हातून निसटायला लागला, आणि सुपर बोलच्या दिवशी तो गणवेशातही नव्हता. तरण्या गड्याला एखादा फंबल माफ होतो, म्हाताऱ्याला होत नाही.

पैशांची काळजी तुमच्या मित्रांनी करू नये. किमान पगारावर घेतलेल्या जुन्या खेळाडूचा पगार संघाच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेत पूर्ण धरला जात नाही, तशी सवलतच आहे.

ऑगस्टमधले सराव सामने पाहाल तेव्हा त्याच्या यार्डांकडे पाहू नका. तिसऱ्या डाउनला, सात-आठ यार्ड हवे असताना, तो क्वार्टरबॅकशेजारी आहे की बाकावर, हे बघा. पासच्या वेळी चेंडू सुटण्याआधी त्याचं डोकं कुठं वळतं, तेही बघा. आणि बराच वेळ बसून उठल्यावरची त्याची पहिली धाव मुद्दाम लक्षात ठेवा. तीन-चार सामन्यांत ही पहिली धाव नीट गेली, तर मित्रांना सांगा की माणूस बरोबर निवडला आहे.