सही त्यांची त्यांना करू दे

बाळ,

परवा तुझा फोन आला तेव्हा इथं रात्रीचे साडेअकरा, तुझ्याकडं दुपार. रडत नव्हतीस पण आवाज भरलेला, आणि एकामागून एक विचारत सुटलीस, बाबांना कॅनडाला नेऊ का, बेळगावात शहापूरचं घर विकू की भाड्यानं देऊ, बँकेत माझं नाव लावू का, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीनं सही करायचा अधिकार, करून घेऊ का. मी हं हं म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, एवढ्या प्रश्नांत बाबा काय म्हणतात हे एकदा पण आलं नाही. तुझी माया मला ठाऊक आहे, त्यावर लिहीत बसत नाही. एकच गोष्ट लिहितो आणि तीच परत परत लिहिणार आहे, कंटाळलीस तरी वाच. बाबांची सही बाबांनी करायची. वाचून, कळून, स्वतःच्या हातानं. तिकीट त्यानंतर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. 2018 ला मी पोराकडं कॅनडाला गेलो सुपर व्हिसावर, तिथल्या मुलांच्या आईबापाला देतात तो, तेव्हा एका वेळी दोनच वर्षं राहता यायचं, आता पाच वर्षं राहता येतं. त्या व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, निदान वर्षभराचा, कारण असं गेलेल्या आईबापाला तिथलं सरकारी हेल्थ कार्ड मिळत नाही. पोरानं सगळं ऑनलाइन भरलं आणि मला पानं पाठवली, पप्पा इथं इथं सही करा. केली. पोस्टात चौतीस वर्षं दुसऱ्याचे फॉर्म तपासलेला माणूस मी, आणि स्वतःचा फॉर्म न वाचता सही ठोकली! जायच्या आधी दीड महिना इथल्या डॉक्टरनं माझी बीपीची गोळी अर्ध्याची एक केली होती. पोराला माहीतच नव्हतं. फॉर्मात ‘औषधात बदल’ ह्याच्यापुढं ‘नाही’.

तिकडच्या पॉलिसीत स्टेबिलिटी क्लॉज म्हणून एक भानगड असते. जुना आजार कव्हर व्हायला तो निघायच्या आधी ठराविक दिवस स्थिर पाहिजे, कुणाचे 90 दिवस, कुणाचे 180. आणि स्थिर म्हणजे तब्येत बरी असं नव्हे, डोस वाढला तरी मोडलं, कित्येक पॉलिसीत कमी केला तरी मोडलं. तिसऱ्या महिन्यात माझ्या छातीत दुखलं, एक रात्र आणि एक दिवस हॉस्पिटलात काढला, निघालं काही नाही. क्लेम मात्र नामंजूर. पोरानं क्रेडिट कार्डावर भरले, आकडा मला आजपर्यंत सांगितलेला नाही. सून एकदा बोलता बोलता ‘ते तुमच्या वेळचं अजून फिटतंय’ म्हणाली तेवढंच. इन्शुरन्सवाल्याला शिव्या घालून झाल्या माझ्या, पण खरं सांगू का, सही माझी होती.

म्हणून तू फॉर्म भरायच्या आधी बाबांनी स्वतःच्या अक्षरात गोळ्यांची यादी करायची, ब्रँड नको, आतलं नाव, किती एमजीची, कधीपासून, डोस शेवटचा कधी बदलला. तिकडं पॅरासिटामॉल मागितली तर पटकन कुणाला कळत नाही, अ‍ॅसिटामिनोफेन म्हणावं लागतं, मी दुकानात तापात अर्धा तास उभा होतो. रोजच्या गोळ्या जास्तीत जास्त 90 दिवसांच्या नेता येतात, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. हे तुला पाठ असून उपयोग नाही, तू ऑफिसात असशील, अ‍ॅम्ब्युलन्समधे ते असतील.

आता नावाचं त्रांगडं. तुझे बाबा 1953 चे, म्हणजे जन्म मुंबई राज्यातला, 1956 ला म्हैसूर राज्य, 1973 ला त्याचं कर्नाटक, आणि माणूस जागचा हललेला नाही. शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडात, पासपोर्ट इंग्रजीत, त्यात जन्मगाव बेलगाम आणि 2014 नंतरच्या कागदावर बेळगावी. आडनावाची तीन स्पेलिंगं तर मीच मोजली. त्याचं अ‍ॅफिडेव्हिट करून घेऊया, ही सगळी नावं एकाच माणसाची म्हणून, आणि कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून. हे इथं होतं, त्यात काही विशेष नाही. पण नोटरीपुढं बाबा स्वतः बसतील, तू व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ मागवून मोकळी होणार नाहीस.

चिडलीस का? चीड. मी का एवढा हट्टाला पेटलोय ते लिहितो, हे मी घरात पण कुणाला सांगितलेलं नाही. माझी आई येळ्ळूरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. नाव लिहायची, एकेक अक्षर सुटं, आणि सगळं झाल्यावर शेवटी वरची रेघ एका दमात, पट्टीनं मारल्यासारखी. वडील गेल्यावर पेन्शनच्या कागदावर ती अशी लिहायला बसली, मागं ही लाइन, मी काउंटरच्या आतला माणूस, मला लाज वाटली की घाई झाली, देव जाणे. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तिचा अंगठा धरून पॅडवर दाबला. ती काही बोलली नाही. पदराला शाई पुसत राहिली. त्यानंतर जिवंत होती तोवर 11 वर्षं अंगठाच. पेन दिलं तरी घ्यायची नाही, ‘तूच बघ रे’ म्हणायची. मायेनंच केलं होतं की मी पण!

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी सगळ्याची एकदम नको. एखाद्या कामापुरती, इथं राहणाऱ्या माणसाच्या नावे, चालेल. तिकडं गेल्यावर करायची झाली तर आपल्या सरकारच्या कॉन्सुलेटमधे, म्हणजे तिथल्या वकिलातीत, जाऊन सही, आणि कागद इकडं आल्यापासून तीन महिन्यांत स्टँप ड्युटी, म्हणजे दुप्पट धावपळ. पेन्शनचं मी त्यांना समजावलंय: तिकडंच राहायचं ठरलं तर सेव्हिंगचं खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं खातं, करायचं, पेन्शन त्यातही जमा होते, पण मग एफडीच्या व्याजावर कर कापू नका म्हणून फॉर्म देऊन टीडीएस वाचवायचा नाही. लाइफ सर्टिफिकेट, म्हणजे हयातीचा दाखला, नोव्हेंबरात, कॉन्सुलेट त्यासाठी कॅम्प लावतं. ऐकून म्हणाले, ‘म्हणजे कॅनडात पण लाइनच.’ हसले रे बाबा, बऱ्याच दिवसांनी.

घर विकू नको. ह्यावर मी वाद घालणार नाही. गल्लीत लोक म्हणतात मी चौदा महिन्यांत परत आलो कारण सुनेशी पटलं नाही. तसं काही नाही, सून चांगली आहे. मला तिथं दूध आणायला पण कुणीतरी गाडीनं न्यावं लागायचं आणि घरी आलेला प्रत्येक लिफाफा माझ्या आधी दुसरं कुणीतरी उघडायचं. परत यायला माझ्याकडं दार होतं म्हणून आलो. बाबा कदाचित तिथं रमतील, माझ्यासारखे कुरकुरे नाहीत ते. पण राहतो की जातो हे त्यांनी ठरवायचं, आणि त्यासाठी शहापूरची किल्ली त्यांच्या खिशात पाहिजे.

परवा बँकेत चौकशीला गेलो होतो दोघं. काउंटरवरची नवी मुलगी कन्नड बोलणारी, ‘इल्ली सही माडी’ म्हणाली, सहीला त्यांच्यात पण सहीच. बाबांनी केली, ती जुन्या सहीशी जुळेना. हात थरथरतो आता, तुला व्हिडिओ कॉलवर दिसत नसणार. मुलगी बिचारी सौजन्यानंच म्हणाली, अंगठा चालतो. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं नाही, नवीन सही नोंदवू.

सोमवारी अकरा वाजता त्यांना स्कूटरवरून नेतोय. घरी वहीत रोज दहा वेळा गिरवतायत, सही छोटी केलीय, आडनावाचं पहिलंच अक्षर ठेवलंय. वेळ लागेल. मागं लाइन असली तर असू दे. त्या वेळात फोन करू नको.

तुझा काका