वाचकांचे प्रश्न : नदीकाठचे घर, डोंगरउतारावरची जागा आणि बँकेचे कर्ज

प्रश्न : गोव्यातील बार्देश तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात जुने कौलारू घर 60 लाखांना विकत घेण्याचे आम्ही ठरवले आहे. घरामागे खाजनाची सखल जमीन आहे आणि तिथे माती भरून घेतल्यास पुढे आणखी दोन खोल्या काढता येतील, असे दलाल सांगतो. बँकेच्या मूल्यांककाने मात्र मालमत्तेची किंमत 50 लाखच धरली असून किनारी नियमनाचा (काठालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचा) अभिप्राय आणण्यास सांगितले आहे. बँक आमची अडवणूक करत आहे का?
— एक वाचक, म्हापसे

उत्तर : बँक तुमची अडवणूक करत नाही. तिने मागितलेला अभिप्राय इसाराची रक्कम देण्यापूर्वी तुम्ही स्वतःच मिळवावा, असा माझा आग्रह राहील.

आधी हिशेब पाहू. गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालून दिली आहे : 30 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी मालमत्तेच्या मूल्याच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. करारातील किंमत आणि मूल्यांककाने ठरवलेली किंमत यांपैकी जी कमी असेल, ती बँका साधारणपणे मूल्य म्हणून धरतात. त्यामुळे जिथे तुम्हाला 48 लाखांपर्यंत कर्ज मिळाले असते, तिथे आता 40 लाखांपर्यंतच मिळेल आणि पदरचे 12 लाखांऐवजी 20 लाख घालावे लागतील. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्याहून वेगळा.

किनारी नियमन फक्त समुद्रकिनाऱ्यालाच लागू असते, असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात भरती-ओहोटीचे खारे पाणी नदीतून जिथवर आत येते, तिथवर दोन्ही काठ या नियमनाखाली येतात, आणि मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठची कितीतरी गावे त्यात मोडतात. 2011च्या अधिसूचनेनुसार अशा नदीच्या काठी भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा नदीच्या पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर नियमनात येते. 2019च्या अधिसूचनेने ही मर्यादा 50 मीटरवर आणली. परंतु त्या अधिसूचनेनुसार तयार केलेला किनारी आराखडा मंजूर होईपर्यंत 2011चेच नियम लागू राहतात, ही अट तिच्यातच आहे. ‘आता 50 मीटरच आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या मंजूर आराखड्याच्या आधारे, हे त्याला अवश्य विचारावे.

खाजनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. खाजन म्हणजे बांध घालून आणि मानशीची (पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची) दारे बसवून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, भरतीच्या पातळीपेक्षाही सखल अशी जमीन. पावसाळ्यात गावाचे पाणी तिथे साठते आणि ओहोटीच्या वेळी मानशीवाटे नदीत उतरते. ती भरून घेतली, तर त्या पाण्याला जायला तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणाशिवाय दुसरी जागा राहत नाही. 2011च्या अधिसूचनेत गोव्यासाठी जी विशेष कलमे आहेत, त्यांत खाजन जमिनीत कोणतेही विकासकाम करू दिले जाणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली सखल जमीन परवानगीशिवाय भरण्यास आणि डोंगर कापण्यास मनाई आहे. दलाल ज्या दोन खोल्यांचे स्वप्न दाखवत आहे, त्यांची किंमत शून्य धरूनच हा व्यवहार तोलावा.

जुन्या घराचे स्वतःचे मूल्य मात्र पुराव्यावर अवलंबून आहे. किनारी नियमनाची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991ची आहे. त्यापूर्वीपासून घर अस्तित्वात असल्याचे दाखवता आले, तर दुरुस्तीचा, आणि मूळ जोते व चटई क्षेत्र न वाढवता पुनर्बांधणीचा मार्ग बराच सुकर होतो. त्यासाठी घराची आकृती दाखवणारा जुना सर्व्हे नकाशा, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची महसुली नोंद) आणि पंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या विक्रेत्याकडून मिळवाव्यात. सनद असेल तरी तिच्यावर विसंबू नये, कारण सनद म्हणजे बिगरशेती वापराची महसुली परवानगी. किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी तिच्यात येत नाही. कागद वाचून झाल्यावर जुलैतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी जागेवर जावे, आणि बांधाची डागडुजी कोण करतो, गेल्या काही वर्षांत तो फुटला होता का, याची गावातल्या शेतकऱ्यांकडे चौकशी करावी. बांध फुटल्याने ज्या घराच्या पायरीशी खारे पाणी येते, त्याची विहीर आणि भिंती दोन्ही खराब होतात, आणि पुढचा गिऱ्हाईक ते पाहिल्याशिवाय राहत नाही.

‘बँकेने कर्ज दिले म्हणजे सगळे ठीक’ असे मानू नये, हेही याच संदर्भात सांगतो. केरळातील मरडू येथील निवासी इमारती किनारी नियमनाच्या उल्लंघनामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020मध्ये पाडण्यात आल्या. न्यायालयाने सदनिकाधारकांना प्रत्येकी 25 लाखांची अंतरिम भरपाई देवविली. घर पाडले म्हणून गृहकर्ज आपोआप संपत नाही. कर्जदाराचे दायित्व करारानुसार कायम राहते.

प्रश्न : डिचोली तालुक्यात उतारावरचा एक भूखंड पाहिला. पूर्वी तो बागायती क्षेत्रात होता, आता वस्तीक्षेत्रात आला आहे, असे विक्रेता म्हणतो. एका बँकेने कर्ज नाकारले. एक वित्तसंस्था जादा व्याजाने द्यायला तयार आहे. घ्यावे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : क्षेत्रबदल कोणत्या कलमाखाली झाला, हे कळल्याशिवाय घेऊ नये. नगर नियोजन कायद्याच्या 17(2) कलमाखाली प्रादेशिक आराखड्यात, म्हणजे गोव्याच्या जमीनवापराच्या आराखड्यात, असे अनेक बदल झाले होते; त्या कलमाखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025मध्ये रद्दबातल ठरवली. क्षेत्रबदलासाठीच 2024मध्ये आलेल्या 39अ कलमालाही न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. बदलाची राजपत्रातील अधिसूचना आणि नियोजन खात्याचा ताजा क्षेत्रदाखला पाहूनच वकिलाचे मत घ्यावे.

उतार 25 टक्क्यांहून अधिक असेल, तर 2021च्या प्रादेशिक आराखड्यात ती जमीन बांधकामास वर्ज्य आहे. बँकेच्या नकारामागे आणखी एक कारण असू शकते : थकीत कर्जाच्या वसुलीसाठी तारण थेट ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा 2002चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे कागदावर बागायत असलेले तारण त्यांना नको असते. जादा व्याजाने कर्ज मिळाले म्हणून यातली एकही जोखीम कमी होत नाही. ती फक्त तुमच्या मासिक हप्त्यात येऊन बसते.

प्रश्न : कर्ज घेताना बँकेने विमा उतरवायला लावला. पुराचे नुकसान त्यातून मिळेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जुलै 2021च्या पुरात सत्तरी, डिचोली आणि तुमच्या तालुक्यातील अनेक घरांत पाणी शिरले होते, तेव्हा प्रश्न रास्त आहे. प्रथम पॉलिसीची प्रत मागून तो घराचा विमा आहे की कर्जदाराचा आयुर्विमा, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात घराचे नुकसान मिळत नाही. 1 एप्रिल 2021पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिच्यात पूर, वादळ आणि दरड कोसळणे यांचे संरक्षण आहे, आणि घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीची किंमत तिच्यात नसते. समुद्राने किंवा नदीने काठ खाल्ल्यामुळे झालेली हानी या पॉलिसीतून वगळलेली आहे, तेव्हा घर काठालगत असेल तर हे कलम स्वतः वाचून घ्यावे.